साडेतीन मिलिमीटरची पोकळी

मोटारीत पेट्रोलची नळी असते, पाण्याची असते, ब्रेकच्या तेलाची असते. यातली कुठलीही फुटली की खाली काहीतरी ठिबकतं, आणि निदान फरशीवरचा डाग बघून तरी माणूस मिस्त्रीकडे जातो. पण १९७०-८० च्या दशकांत बनलेल्या गाड्यांच्या बॉनेटखाली या सगळ्यांना पुरून उरतील इतक्या आणखी नळ्या असतात, आणि त्यांतून काहीही वाहत नाही. त्या व्हॅक्युमच्या नळ्या. फुटल्या तर ठिबकत नाहीत, निसटल्या तर सांडत नाहीत. फक्त सिग्नलला उभी असलेली गाडी एकाएकी उसासे टाकायला लागते, आणि हिरवा दिवा लागल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती आधी जरा विचार करते आणि मग निघते.

माझी गाडी १९८४ ची होंडा अकॉर्ड आहे. चार दारांची, ऑटोमॅटिक, कार्बोरेटरवाली. हिला क्लासिक म्हणावं की नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. "अहो, क्लासिक म्हणजे जुनी आणि महागडी. ही नुसतीच जुनी आहे," हा विरोधी पक्ष. पलीकडच्या गल्लीतल्या मस्टँगवाल्या गृहस्थांचंही मनातून हेच मत असावं, पण ते सभ्य आहेत. "किती नीटनेटकी ठेवली आहे" एवढंच म्हणतात. मात्र इथे बे एरियात मराठी मंडळींच्या गणपतीला ही गाडी बाहेर उभी दिसली की साठी ओलांडलेले पुरुष ताटातली जिलबी अर्धी टाकून उठतात. कुणाची अमेरिकेतली पहिली गाडी हीच होती, कुणी हिच्यातूनच बायकोला विमानतळावरून घरी आणलं होतं, कुणी हिच्यावरच ड्रायव्हिंग टेस्टला गचकला होता. टपावरून हात फिरवून झाला की फर्माईश येते, "बॉनेट उघडा बघू." मी उघडतो. मग बराच वेळ कुणी काही बोलत नाही.

कार्बोरेटर असतो तिथेच, पण तो दिसत नाही. त्याच्यावरून, खालून आणि मधून करंगळीपेक्षा बारीक अशा काळ्या रबरी नळ्या गेलेल्या असतात. काही एकमेकींना समांतर बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या जुडग्यात शिरतात आणि दुसऱ्या टोकाला भलत्याच क्रमाने बाहेर पडतात. मागच्या पत्र्याला काळे प्लास्टिकचे डबे टांगलेले, त्यांच्या पोटात सोलेनॉइड, त्यांच्या तळातून पुन्हा नळ्या. या नळ्या कुठून कुठे जातात याची एक आकृती कंपनी बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून द्यायची. त्या आकृतीला इथल्या होंडा मेकॅनिकांनी नाव ठेवलं होतं 'विश्वाचा नकाशा'. चेष्टेने ठेवलं होतं खरं, पण बॉनेट उघडून पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं की चेष्टेचा भाग झपाट्याने कमी होतो.

मुळात ही पोकळी येते कुठून? पिस्टन खाली येताना हवा ओढतो आणि कार्बोरेटरमधली पाकळी ती अडवून धरते. आत ओढ आणि दारात अडवणूक, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवा विरळ होते. समुद्रसपाटीला, इंजिन ठणठणीत असेल तर, नुसत्या आयडलिंगवर गेजचा काटा १७ ते २१ इंच पाऱ्याच्या दरम्यान स्थिर उभा राहतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की पाकळी सताड उघडते, अडवणूक संपते आणि पोकळी जवळपास शून्यावर येते. म्हणजे गाडी जितकी निवांत तितकी ही ओढ जोरात, आणि गाडीला खरा घाम फुटला की ही गायब. जुन्या अमेरिकन गाड्यांचे वायपर या पोकळीवर चालायचे. भर पावसात चढ लागला आणि ड्रायव्हरने रेस वाढवली की नेमके तेव्हाच ते काचेवर मध्ये कुठेतरी विसावायचे. उतार लागला की पुन्हा उत्साहाने सपासप. फुकटात मिळणाऱ्या शक्तीचा स्वभाव असाच असायचा.

या फुकट शक्तीला बॉनेटखाली इतकी कामं कधी लागली, याचं उत्तर लॉस एंजेलिसच्या आकाशात आहे. १९४३ च्या जुलैत एके दिवशी शहरावर असा धूसर पडदा उतरला की लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले, तीन गल्ल्यांपलीकडचं दिसेना. महायुद्ध चालू होतं. जपान्यांनी विषारी वायू सोडला, असं पुष्कळांना वाटलं. मग कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर संशय गेला. तो बंद ठेवला तरी पडदा उठेना. १९५० नंतर कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गुन्हेगार घरचाच आहे: मोटारींचा धूर, आणि त्याला फितूर झालेलं कॅलिफोर्नियाचं लाडकं ऊन. हा बिचारा तोवर अननसाच्या वासात काय काय असतं याचा अभ्यास करत सुखात होता.

तिथून नळ्या सुरू झाल्या. क्रँककेसमधली वाफ खुशाल हवेत सोडायची पद्धत होती. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून ती इंजिनाने स्वतःच ओढून जाळायची असं ठरलं. झाली पहिली नळी. उभ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोल उडतं, ते पकडायला कोळशाचा डबा आला, आणि त्या डब्यात साठलेली वाफ योग्य वेळी ओढून घ्यायला आणखी नळ्या. १९७० च्या क्लीन एअर कायद्याने १९७५ च्या गाड्यांकडून हायड्रोकार्बन आणि कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांनी कमी करून मागितले, तेव्हा डेट्रॉइटने अशक्य म्हणून हात वर केले. आणि ही मर्यादा पाळणारं इंजिन कुणी काढलं? होंडाने, १९७२ मध्ये. १९४३ साली ज्यांच्यावर विषारी वायू सोडल्याचा आळ घेतला होता, त्यांच्याच देशातून १९७५ ची सिव्हिक आली, तीही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय. कल्पना साधी होती. प्लगजवळच्या छोट्या खोलीत पेट्रोल जरा सढळ हाताने द्यायचं, ते पेटवायचं, आणि त्या ज्वाळेने मोठ्या खोलीतलं अगदी काटकसरीचं मिश्रण पेटवायचं. कल्पना साधी असली की ती रोजच्या व्यवहारात चालवायला यंत्रणा किचकट लागते, आणि दरवर्षी कायदा आवळत गेला तशी ती अधिकच किचकट होत गेली. माझ्या गाडीपर्यंत येता येता कन्व्हर्टरही आलाच. आणि गाडी जपानी म्हणावी तर अकॉर्ड १ नोव्हेंबर १९८२ पासून ओहायोतल्या मॅरिसव्हिलला बनायला लागलेली.

एखादी जुनी गाडी पूर्ववत करायची म्हणजे मूळ होतं तसं करायचं, हे ऐकायला सोपं आहे. पण कुठलं मूळ? त्याच वर्षाच्या त्याच मॉडेलच्या गाड्यांत कॅलिफोर्नियाची नळ्यांची मांडणी वेगळी, बाकी राज्यांची वेगळी, मॅन्युअलची वेगळी, ऑटोमॅटिकची वेगळी. माझ्या गाडीला पूर्वी कधीतरी पुढून ठोकर बसली असावी, कारण बॉनेट दुसऱ्या गाडीचं होतं. त्याच्या पोटावरचा विश्वाचा नकाशा अगदी स्वच्छ, वाचण्याजोगा होता आणि एका परराज्यातल्या मॅन्युअल गाडीचा होता. हे कळायला मला काही आठवडे लागले. तोवर मी त्या नकाशात दाखवलेला एक व्हॉल्व्ह टॉर्च घेऊन शोधत होतो, जो माझ्या गाडीला कधी बसवलेलाच नव्हता.

मूळच्या नळ्यांवर कारखान्यातच आकडे छापलेले असत आणि तेच आकडे नकाशात. पण चाळीस वर्षं इंजिनाच्या धगीत शिजल्यावर रबर शेवयांसारखं कडक होऊन तुटतं, मग आकडे कुठले राहायला! शिवाय आधीचे मालक. माझ्या आधी या गाडीच्या नळ्यांत हात घातलेला एक गृहस्थ नक्कीच विचारी होता. एका नळीच्या टोकात त्याने गोल्फच्या चेंडूखाली लावतात ती लाकडी खुंटी ठोकून बसवली होती. पिवळी, डोक्यावर कुठल्या तरी क्लबची पुसट अक्षरं, आणि भोवती रबर इतकं घट्ट धरलेलं की काढताना नळी चिरावी लागली. दुसरीच्या तोंडात स्क्रू. तिसरी तर कमाल होती: लोखंडी जुडग्यातल्या दोन शेजारच्या तोंडांना त्याने एका छोट्याशा तुकड्याने एकमेकांशी जोडून टाकलं होतं, म्हणजे कुणी उघडं पडायला नको. वरवर बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसावं, अशी ती व्यवस्था. बरं, गाडी चालत होती! नीट चालत नव्हती, आयडलिंगला रेस वरखाली व्हायची, गेजचा काटा १४ वर थरथरायचा, पण चालत होती. या गाड्यांचं हेच अवघड आहे. त्या चुकीच्या जोडणीवरही निमूटपणे वर्षानुवर्षं चालतात.

अशा वेळी सल्ले भरपूर मिळतात. पुण्याहून आलेल्या धाकट्या भावाने बॉनेटखाली डोकावून सांगितलं, "दादा, आपल्या फियाटला यातलं काही नव्हतं आणि ती घाट चढायची." चढायची हे खरं. तेव्हा आपल्याकडे कायदाही नव्हता. पेट्रोल गाड्यांच्या धुराचे नियम भारतात यायला १९८० चं दशक संपत यावं लागलं. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या एका स्नेह्यांचा सल्ला अधिक आकर्षक होता. त्यांनी स्वतःच्या होंडाचा मूळ कार्बोरेटर काढून वेबर बसवला आणि सगळ्या नळ्या एका बादलीत भरून टाकून दिल्या. "एका दुपारचं काम," म्हणाले. त्यांना ते शोभतं. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी स्मॉग चेक असतो, आणि तिथला माणूस नुसता धूर मोजत नाही, बॉनेट उघडून बघतो. नळी गायब, नापास. परवानगीचा क्रमांक नसलेला कार्बोरेटर, नापास. पूर्वी तीस वर्षं झालेल्या गाडीला माफी मिळत जायची. २००५ मध्ये ती वाट बंद झाली आणि रेघ कायमची १९७५ वर मारली गेली. १९७५ ची गाडी मुक्त, १९७६ ची जन्मभर परीक्षार्थी. योगायोग असा की हा स्मॉग चेक सुरू झाला तोही १९८४ मध्ये. परीक्षा आणि विद्यार्थी एकाच वयाचे.

तेव्हा आधी खरा नकाशा हवा होता. तो जंकयार्डमध्ये मिळाला. तिथे होंडांची रांग असते, आणि त्यातल्या बहुतेकांच्या नळ्या कुणीतरी कार्बोरेटर काढायच्या घाईत सुरीने सपासप कापलेल्या असतात. रांगेच्या टोकाला एक तपकिरी अकॉर्ड होती, माझ्याच वर्षाची, ऑटोमॅटिक, मागून चेपलेली आणि पुढून अस्पर्श. तिच्या काही नळ्यांवर आकडेसुद्धा शाबूत होते. मी भरपूर फोटो काढले. नकाशा मात्र फोटोत पकडता येईना. ऊन त्याच्यावर चमकायचं, आणि बारीक आकडे नेमके त्या चमकेत. सोलून काढावा तर कोपऱ्यापासून भुगा होऊ लागला.

संध्याकाळी घरी बॉनेट उतरवताना प्रश्न आला, "आपल्या गाडीला बॉनेट नव्हतं का?"

"होतं. पण त्याच्यावर चुकीचा कागद होता."

यावर काही उत्तर आलं नाही. पण त्या रात्री भारतात केलेल्या प्रत्येक फोनमध्ये ही गोष्ट नव्याने सांगितली जात होती, हे मला गॅरेजपर्यंत ऐकू येत होतं.

नवी नळी घ्यायला गेलो तर आणखी एक गंमत. होंडाची बारीक नळी आतून साडेतीन मिलिमीटरची. इथल्या दुकानात नळ्या इंचात. एक अष्टमांश इंच म्हणजे ३.२ मिलिमीटर, ती चढताना जीव काढते. त्यापुढची पाच बत्तीसांश म्हणजे जवळपास ४, ती चढते पण धरत नाही. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं आणि पेशवाईतले साडेतीन शहाणे यांच्यावर वाढलेल्या माणसाला त्या अर्ध्याचं महत्त्व कुणी पटवून द्यायला नको. मी काउंटरवरच्या मुलाला बजावून सांगितलं, तीन नको, चार नको, साडेतीनच हवी. शेवटी मिलिमीटरच्या मापाची नळी मागवून घेतली.

जोडणी करताना एक जुना दंडक आहे: एकावेळी एकच नळी काढा, लगेच तिथे नवी लावा. उत्तम दंडक आहे, फक्त आधीची जोडणी बरोबर असेल तर. गोल्फच्या खुंटीवाल्या गृहस्थांनंतर तो चालणार नव्हता. मग नकाशा, कारखान्याचं मॅन्युअल आणि फोटो समोर ठेवून प्रत्येक नळीला विचारत बसावं लागलं, बाई, तू इथे कशासाठी आहेस? आणि इथे मला त्या पसाऱ्याची खरी गोडी लागली. पाय एकदम उचलला की पाकळी धाडकन मिटते आणि न जळलेलं पेट्रोल धुरात जातं, म्हणून पाकळीला हळू मिटवणारा एक डॅशपॉट. तेवढ्यात सायलेन्सरमध्ये फटाका वाजू नये म्हणून क्षणभर जास्तीची हवा देणारा एक व्हॉल्व्ह. एसी लावला की इंजिनावर ओझं पडून ते दबतं, म्हणून रेस किंचित वर उचलणारी एक नळी. टाहो तलावाच्या वाटेवर उंची वाढते, हवा विरळ होते, म्हणून त्याची दखल घेणारं एक यंत्र. सकाळी इंजिन गार असताना धुराचा काही भाग परत इंजिनात सोडला तर ते मरतं, म्हणून पाणी तापेपर्यंत त्या व्हॉल्व्हची पोकळी अडवून धरणारा थर्मोव्हॉल्व्ह. जुन्या वाड्यातल्या रीतीभातींसारखं हे सगळं आहे. तिन्हीसांजेला केर काढू नये, दुधाचं भांडं उघडं ठेवू नये. नवख्याला तो नुसता जाच वाटतो, पण प्रत्येक रीतीमागे कधीतरी हरवलेली एक कुडी असते, एक आगाऊ मांजर असतं. इथेही प्रत्येक नळीमागे कुणाची तरी तक्रार आहे. कुणीतरी डोंगरात अडकलं होतं, कुणाची गाडी थंडीत सिग्नलला बंद पडली होती, आणि कुठल्या तरी अभियंत्याने धुराचा हिशेब न बिघडवता त्या माणसाची सोय केली होती. हातात कॉम्प्युटर जवळजवळ नव्हताच. जे काही ठरवायचं ते रबर, स्प्रिंग, गरम पाणी आणि पोकळी यांच्याकडून ठरवून घ्यायचं.

हे कळल्यावर नकाशा वाचता यायला लागला. पोकळी कुठून उचलली आहे, यात अर्धी मेख असते. पाकळीच्या खालून, थेट मॅनिफोल्डमधून घेतली तर ती आयडलिंगलाही हजर. पाकळीच्या जरा वरच्या भोकातून घेतली तर आयडलिंगला नाही, पाय ठेवल्यावरच येते. दोन्ही भोकं बोटभर अंतरावर, दोन्ही सारखीच दिसणारी. या दोनांपैकी डिस्ट्रिब्युटरला कुठलं द्यावं यावर जुन्या अमेरिकन गाड्यांची माणसं आजही हमरीतुमरीवर येतात. होंडाने निदान हा वाद मालकावर सोडलेला नाही, आकडा टाकून दिलेला आहे. एकमार्गी व्हॉल्व्हची दिशा तेवढी तोंडाने फुंकून बघावी. एकीकडून श्वास जातो, दुसरीकडून गाल फुगतात. आणि सगळं जोडून झाल्यावर कुठे फुसफुसतंय हे ऐकायला त्याच नळीचा हातभर तुकडा एका कानाला लावून दुसरं टोक इंजिनावर फिरवायचं. शेजारच्या छोट्या मुलीने मला या अवस्थेत बघून आईला जे विचारलं ते मी इथे सांगणार नाही. काटा १९ वर आला आणि थरथर थांबली.

स्मॉग चेकच्या दुकानातला मुलगा विशीतला होता. गाडी रोलरवर चढवून पंधरा आणि पंचवीस मैलांच्या वेगाने धूर मोजून झाला, आकडे मर्यादेत आले, पण त्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. ते यंत्र बघतं. त्याला स्वतःला बघायचं होतं ते बॉनेटखाली. त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च लावला आणि जरा मागे सरला. मग आत जाऊन दुसऱ्याला घेऊन आला. दुसराही तेवढाच मागे सरला. दोघांनी मिळून नकाशा आणि नळ्या आळीपाळीने न्याहाळल्या, एका रबरी टोपीवर बोट ठेवून नकाशात ती टोपी आहे याची खात्री केली, आणि नव्या नळ्यांवर मी पांढऱ्या शाईने घातलेले आकडे बघून पहिल्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद दिसला. त्याने छापील कागदावर सही ठोकली. बॉनेट मिटता मिटता म्हणाला, "सर, एक विचारू? हे सगळं करतं काय?"

मी बाही वर केली. सोबत आलेल्या बायकोने माझा चेहरा बघितला, पर्समधून पुस्तक काढलं आणि ती समोरच्या कॉफीच्या दुकानाकडे निघाली. जाताना त्या मुलाला म्हणाली, "तुला जेवायची सुट्टी किती वाजता असते रे?"